मधल्या पायऱ्या

औलू, ९ नोव्हेंबर

प्रिय आइली मावशी,

तू बरी असशील. कूसामोला एव्हाना बर्फ साचलं असेल. लाकडं फोडायला शेजाऱ्याला बोलाव, स्वतः कुऱ्हाड हातात घेऊ नकोस. इथे अजून नुसता चिखल आहे आणि दुपारीच अंधारून येतं. मी वेळेवर जेवते. फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून लिहिते आहे.

कंपनीची शरदातली सहल झाली. समुद्रकाठचं तेच घर, तू कंपनीत होतीस तेव्हाचं. यंदा व्यवस्था माझ्याकडे होती. सॉनात वाफ घ्यायला बसायचा क्रम मी नेहमीसारखाच लावला: आधी बायका, मग पुरुष. विभागात बायका दोनच, मी आणि आमच्या प्रमुख तुइरेबाई. मोबाइलच्या मनोऱ्यांचं सॉफ्टवेअर त्यांनी पहिल्यापासून कसं उभं केलं, ते तुला मी काय सांगणार. तापल्या दगडांवर पाणी ओतत त्या म्हणाल्या, "बस अजून थोडी. आपण बाहेर पडलो की ते आत बसून राज्य चालवतात." मी हसले. त्याही हसल्या.

मग आम्ही बाहेर सॉसेज भाजत बसलो. पुरुष बराच वेळ आत होते.

टॉवेल गुंडाळून तुइरेबाईंचे वरिष्ठ यॉर्मासाहेब आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "अभिनंदन, विल्या. विभाग आता तुझा. तुइरे सल्लागार होईल. तिलाही जरा विसावा."

तुइरेबाई तिथेच होत्या. त्यांनी चिमट्यातलं सॉसेज उलटलं. "करपतंय," एवढंच म्हणाल्या.

मावशी, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. तो तुझ्यापासून लपवत नाही. घरी येताना मात्र लक्षात आलं, आम्ही बाहेर होतो तेव्हाच हे आत ठरलं. क्रम मीच लावला होता, हे मनातून जात नाही.

मला शाळेत न घालता तू आणि आईने घरी शिकवलंत, तेव्हा मधल्या पायऱ्या नसल्या की बरोबर उत्तरावरही तू काट मारायचीस. सोमवारी मी यॉर्मासाहेबांना तेच म्हटलं. "उत्तर बरोबर असेलही. पण पायऱ्या मी पाहिल्या नाहीत, तुइरेबाईंनीही नाही. बैठकीत, त्यांच्यासमोर पुन्हा ठरवा."

"अगं, सॉनातल्या गप्पांचं कुणी इतिवृत्त लिहितं का?"

"म्हणून तर म्हणते."

"मग तुलाही मिळेलच असं नाही. बाहेरून माणूस आणू."

"चालेल," मी म्हटलं.

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तुइरेबाईंना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मी हे सांगायला त्यांच्या खोलीत गेले, तर त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "माझी कीव करायला कुणी सांगितलं तुला? माझ्यामागे एखादी बाई यावी म्हणून मी इतकी वर्षं तग धरला. ते तू घालवायला निघालीस."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. मी आले की पुरुषांचं बोलणं थांबतं. तुइरेबाई खिडकीकडे तोंड करून जेवतात.

आता ज्यासाठी हे पत्र, ते लिहिते. तुलाही समुद्रकाठच्या त्या घरून आल्यावरच सल्लागार केलं ना? मला आठवतं, तू ओल्या केसांनी आलीस, केसांना धुराचा वास होता, आणि कोट न काढताच मला अपूर्णांक शिकवायला बसलीस. "दमले होते, झालं ते बरंच झालं," म्हणालीस. मी ते खरं धरलं. तुझ्याकडून मी उत्तर घेतलं आणि पायऱ्या कधी मागितल्याच नाहीत.

तुझ्या जागी जो आला, तो नंतर एकदा तरी तुझ्या दाराशी आला होता का? आला असता, तर तू दार उघडलं असतंस? बैठकीच्या आधी मला पुन्हा तुइरेबाईंच्या दारावर थाप द्यायची आहे. काय बोलू ते सुचत नाही.

"बरं" एवढंच लिहू नकोस. माझं चुकलं असेल तर याच पत्रावर काट मारून पाठव, पण पाठव.

तुझी एकुलती एक विद्यार्थिनी,
विल्या