ट्रॉली उलटी नेताना

माय, परवा गावच्या जत्रेत मी ट्रॅक्टरच्या शर्यतीत उतरले. हे ऐकून तू आधी देवापुढं जाऊन बसली असतीस, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की हातपाय शाबूत आहेत आणि ट्रॅक्टरही शाबूत आहे. आता नीट ऐक. ही शर्यत पुढं पळायची नाही, मागं जायची असते. ट्रॅक्टरला रिकामी दोनचाकी ट्रॉली जोडायची आणि फक्कीनं आखलेल्या वाटेतून ती उलटी, मागं मागं न्यायची. वाटेला दोन वळणं, दोन्ही बाजूंना झेंडे. एक झेंडा पडला की माणूस बाद. न पाडता सगळ्यात कमी वेळात पोचेल तो पहिला. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ट्रॉली उलटी नेताना सगळं विपरीत होतं. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉलीची मागची बाजू उजवीकडं जाते, आणि जरा घाई केली की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटतात. मग मधली दांडी वाकते, ट्रॅक्टरचं चाक जमिनीवरून उचलतं, आणि जमीन उताराची असली तर वर बसलेला माणूस कुठं जाऊन पडेल ते देवच जाणे. गावोगावची पोरं हौसेनं हे करतात. यंदा अकरा जण होते. दहा पोरं आणि एक मी, वय त्रेसष्ट, ताडकळसच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई.

यात मी पडले ती हौसेनं नाही, तोंडानं. निवृत्तीनंतर वाट्याची जमीन मीच कसते आणि ट्रॅक्टरही मीच चालवते, कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत म्हणून. जत्रेच्या आठ दिवस आधी ओढ्यावरच्या नळ्यांच्या पुलावरून ट्रॉली मागं घेत होते आणि तिचं एक चाक काठावरून खाली घसरलं. ट्रॉली तिरपी होऊन अडकली. मला खरचटलंही नाही, पण भाच्यानं ते लांबून पाहिलं. तुझा नातू, आता छत्तीस वर्षांचा बाप्या आहे, दोन लेकरांचा बाप. धावत आला, ट्रॉली काढली. संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात, चार माणसं चहा पीत असताना, माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला.

"आत्या, बास झालं आता. किल्ली द्या. मी ड्रायव्हर बघतो."

"ड्रायव्हर मीच हाय."

"खाली गेल्या असत्या म्हंजे? आमी काय करायचं होतं?"

"दहा दिवस सुतक धरायचं होतं. भित्रा हायस तू, दुसरं काय!"

चहा पिणारे हसले. त्याचे कान लाल झाले. तिथं थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला थांबणं कधी जमलंय? मी म्हणाले, जत्रेतल्या स्पर्धेत सगळ्या गावादेखत ट्रॉली उलटी नेऊन दाखवते. एक जरी झेंडा पडला तर किल्ली तुझ्या हातावर ठेवीन आणि पुन्हा त्या सीटवर बसणार नाही. हॉटेलवाल्यानं साक्षीदार म्हणून मला फुकट चहा पाजला. घरी येईपर्यंत मी काय पणाला लावलं ते ध्यानात आलं. माय, ती सीट गेली तर मी नुसती म्हातारी. पाणी आणून देऊ का, दवाखान्यात न्यायचं का, असं विचारलं जाणारी.

त्या आठ दिवसांत तू रोज आठवायचीस, आणि चांगल्या कारणासाठी नाही. तुझं भिणं आठवायचं. गावात लाइट आली तेव्हा तू बटण लाटण्यानं दाबायचीस. कुलूप लावून दहा पावलं गेलं की परत फिरायचीस, कुलूप ओढून बघायचीस, पुन्हा दहा पावलं, पुन्हा परत. मला लाज वाटायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गिर्यारोहणाच्या शिबिराला माझं नाव लागलं तेव्हाचा तो दिवस तर मी चाळीसहून जास्त वर्षं मनात घोळवतेय. सकाळची वेळ आहे. माझी पेटी भरून तयार आहे आणि तू स्वयंपाकघरात चुलीपाशी विहिरीचा नवा दोर मांडीवर घेऊन बसली आहेस. वीत वीत दोर पुढं सरकवतेस, प्रत्येक पीळ बोटांनी उकलून बघतेस. कड्यावरून उतरवायला तिथल्या लोकांकडं त्यांचे दोर असतात, हे मी तीनदा सांगितलंय. "त्याइचे असतील की," तू म्हणतेस, "पर ते मी बघितलेले न्हाईत." मग दोर पेटीत. मग कुलूप, तीनदा. ताडकळसची बस आपल्या डोळ्यांदेखत निघून जाते. दुसऱ्या बसनं पूर्णा स्टेशन गाठलं तर पलीकडच्या फलाटावर गाडी उभी आहे. सगळे रूळ ओलांडून पळतायत, आणि तू माझं मनगट धरून मला पुलाकडं ओढतेस. आपण पुलाच्या मधोमध असताना खालून गाडी सुटली.

मी बाकावर बसून तुला काय काय बोलले! शेवटी म्हणाले, "तुझ्या भिण्यापायी गाडी गेली. अख्ख्या गावात तुझ्याइतकं भित्रं कुणी न्हाई, माय." शेजारच्या बाकावरचे लोक बघत होते. तू फडकं सोडलंस, भाकरी मोडलीस, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवलीस आणि जणू कुणी गाव विचारलं असावं तशा आवाजात म्हणालीस, "हाय की मी भित्री. भिऊन भिऊनच तर तुमा चौघांना वाढवलंय. आता खाय, पुढची गाडी येईस्तोवर भाकर कडक व्हईल."

मी खाल्ली. रागातच खाल्ली, पण दोन खाल्ल्या. शिबिरात एक दिवस उशिरा पोचले म्हणून सगळ्यांची भांडी घासायची शिक्षा झाली, आणि तुझ्या दोरावर सोळा मुलींनी आठ दिवस कपडे वाळवले. कड्यावरून उतरायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पुढं झाले. टाळ्या पडल्या. रांगेत उभं राहून भिण्यापेक्षा लवकर उडी मारून मोकळं होणं सोपं असतं, एवढंच त्यात होतं. पण ते कुणाला कळलं नाही आणि मीही कळू दिलं नाही. तिथून जे नाव पडलं ते पडलंच. शाळेत वर्गात साप निघाला तर बाईंना बोलवा, दारू पिऊन कुणाचा बाप आला तर बाईंना बोलवा. मीही जायची. चष्मा नीट करायची आणि जायची.

स्पर्धेसाठी मी पडीक रानात तुराट्या रोवून सराव केला. रोज उजाडायला जायची. पहिल्या दिवशी नऊ तुराट्या पाडल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. म्हणजे प्रगती उलटीच. तिसऱ्या दिवशी ट्रॉली इतकी मिटली की ट्रॅक्टरचं मोठं चाक तिच्या दांडीला घासलं, आणि मी इंजिन बंद करून बांधावर बसून राहिले. कड्यावरचा उपाय इथं चालेना. डोळे मिटून लवकर मोकळं व्हायला जावं तर तुराटी पडते. इथं सावकाश भ्यावं लागतं. मग मी रीतच बदलली. हातभर मागं जायचं, थांबायचं, डावीकडून वाकून बघायचं, उजवीकडून वाकून बघायचं, मगच पुढचं हातभर. सातव्या दिवशी दोनच पडल्या.

जत्रेचा दिवस. गावाबाहेरच्या गायरानात दोरी बांधून मैदान केलेलं, भोंग्यावर माझाच एक जुना विद्यार्थी ओरडतोय, आणि दुसऱ्या वळणाशी जमीन ओढ्याच्या बाजूला उतरती. माझा नंबर सातवा. सहाव्या नंबरचा पोरगा झरी गावचा, जोरात आला, त्याच वळणावर ट्रॉली मिटली आणि ट्रॅक्टरचं एक चाक बघता बघता गुडघाभर वर उचललं. बायकांच्या अंगावर काटा आला. पोरांनी धावत जाऊन ट्रॅक्टर दाबून धरला. त्याला काही झालं नाही, हसतच उतरला, पण पाण्याचा तांब्या त्याला दोन हातांनी धरावा लागला. ते मी पाहिलं आणि लगेच भोंगा ओरडला, "आता मैदानात येत हायत आपल्या गणिताच्या बाई! टाळ्या झाल्या पायजेत!"

मी आधी चारही टायर बघितले, मग ट्रॉलीचे दोन, मग जोडाची खीळ हलवून बघितली, मग पुन्हा टायर. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, टायरांची हजेरी घ्यायलाव का?"

"हो," मी म्हणाले, "निदान हे तरी सगळे हजर हायत. तू नववीत चार महिने कुठं होतास?"

हशा पिकला. तेवढ्यात चढून बसले. पहिलं वळण हातभर हातभर करत काढलं. लोक कंटाळून टाळ्यांचा ठेका धरायला लागले, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वळणावर उतार लागला आणि ट्रॉली माझ्या हिशेबापेक्षा जास्त वळली. मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. सगळं थांबलं, फक्त माझे पाय थांबेनात. ब्रेकवरचा पाय असा थरथरत होता की पेडल वाजत होतं. मी पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत घेतली आणि खाली उतरले. तुला खरं सांगते माय, बघायला उतरले नव्हते. भाच्याच्या हातावर किल्ली ठेवून घरी जायला उतरले होते.

भाचा ट्रॉलीच्या मागच्या बाजूला, दोरीपाशी उभा होता, म्हणून मला तिकडूनच जावं लागलं. जाता जाता नजर चाकाकडं गेली. चाक आणि झेंडा यांच्यात चार बोटं अंतर होतं. झेंडा उभा होता. मी तिथंच थबकले. मान वर केली तर भाचा माझ्याकडं बघत होता, दोरी दोन्ही हातांनी आवळून, ओठ पांढरे. त्याला ना किल्ली हवी होती ना गावापुढं वरचढ व्हायचं होतं. तो तुझ्यासारखाच, पूर्णा स्टेशनच्या पुलावर माझं मनगट धरून उभा होता, आणि मी त्यालाही चार माणसांत भित्रा म्हणून बसले होते.

भोंग्यावर गोंधळ चालला होता. "खाली उतरायचं न्हाई असं नियमात हाय का?" "न्हाई, तसं काय लिवलेलं न्हाई." "मग उतरू द्या की, घड्याळ चालू हाय."

मी मुठीतली किल्ली त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. दबक्या आवाजात म्हणाला, "बसायचं असंल तर बसा आत्या. पर आधी हातभर पुढं घ्या, ट्रॉली सरळ करा, मंग मागं. घाई करू नका. मी हितंच हाय."

मी परत चढले. हातभर पुढं, ट्रॉली सरळ, मग मागं. प्रत्येक थांब्याला वाकून बघितलं की तो हात हलवून अंतर दाखवायचा, आणि मी त्याचं ऐकायची. बाहेरून खूण करायची नाही, असंही नियमात लिहिलेलं नव्हतं म्हणे. शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा निम्मे लोक रसवंतीवर गेले होते. पण झेंडे सगळे उभे. अकरांपैकी सात जण बाद झाले, चौघेच पोचले, आणि त्या चौघांत मी चौथी. बक्षीस म्हणून स्टीलची घागर मिळाली, तुला आवडली असती. किल्ली माझ्याकडंच आहे. ओढ्याच्या पुलावरून ट्रॉली मागं घ्यायची असेल तेव्हा मात्र भाच्याला बोलवायचं, त्यानं मागं उभं राहून हात दाखवायचा, एवढं मी आपण होऊन कबूल केलं. तो "बरं" म्हणाला आणि घागर उचलून चालायला लागला.

एक गोष्ट राहिली. घागर देताना भोंगेवाल्यानं माईक माझ्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, "बाई, त्या वळणावर भीती वाटली का?" सगळं गायरान ऐकत होतं. मी म्हणाले, "छे! अंतर मोजायला उतरले होते." केवढ्या टाळ्या पडल्या! आता ताडकळसच्या बाजारापर्यंत हीच गोष्ट पोचली आहे, बाईंनी कशी हुशारी केली ती. तू आता नाहीस, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पाठवायचा प्रश्न कधी नव्हताच, आणि मला तर हे लिहून टाकल्यावर थोडं हलकं वाटायला हवं होतं. तेवढं वाटत नाहीये. कारण ज्याला सांगायला पाहिजे तो चार घरं सोडून राहतो. 'मी भ्याले होते' आणि 'तुला बोलले ते चुकलं', एवढी दोनच वाक्यं आहेत. ती घेऊन दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. एकदा विळा मागून परत आले, एकदा फवारणीचा पंप.