कंट्रोलरचा तक्ता

मंगळवार, दिवेलागण. अहमदपूर.

आजबी फोन वाजला न्हाई. हे केलं मीच. गाणी मिसळायचं यंत्र, म्हंजी कोणता कंट्रोलर कोणत्या डीजे सॉफ्टवेअरवर चालतो, याचा तक्ता करून मीच डीजेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांची सोय झाली. त्याआधी जळकोटचा बालाजी रोज सांजच्याला फोन करायचा, "दादा, माझा कंट्रोलर नव्या व्हर्जनवर चालंल का?" मी हाव म्हणायचो. मग त्याच्या म्हशी, त्याची न जुळणारी सोयरीक, आणि शेवटी, "जेवण झालं का, दादा?" आता कोण विचारतंय?

आज त्याचा मेसेज आला: "तक्ता लई भारी हाय. आता तुम्हाला तरास न्हाई."

तरास! मी कधी म्हणालो?

आत्ताच तक्ता उघडला. बालाजीच्या कंट्रोलरपुढचं 'चालतो' पुसलं आणि तिथं लिहिलं, 'फोन करून विचारा.'