उजव्या रांगेतल्या चार खुर्च्या

हिरोसाकी, ९ ऑक्टोबर १९७८

चि. फुमिए हिस,
अ. आ.

सोबतच्या पेटीत सफरचंदं आहेत, आणि त्यांच्या मधोमध कापसात गुंडाळलेलं, तबकडीवरच्या सुईचं कार्ट्रिज. सफरचंदं खा, कार्ट्रिज तपास. उलटं करू नकोस.

तुझ्या कारखान्यातलं हे तिसरं कार्ट्रिज, आणि याचीही उजवी बाजू मेलेली. डावीकडून पियानो कसा लख्ख येतो, आणि उजवीकडची झांज गोधडीखालून वाजल्यासारखी. मी काय काय नाही केलं! सुई धरणारा वीस वर्षांचा जुना जड टोनआर्म उतरवून हलका बसवला. त्याची मागची बाजू वर उचलली, म्हणजे आवाज जरा धारदार होतो. अँप्लिफायरवरचं उजवं बटण तर दर महिन्याला एकेक घर पुढे सरकतंय. तरी फरक शून्य.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं म्हणशील, म्हणून पुरावा देतो. उजव्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर गेलं वर्षभर कोणी बसत नाही. स्टेशनमास्तर ताकेउची सोळा वर्षं तिथे बसायचे, तेही डावीकडे सरकले. काही जण तर यायचेच बंद झाले. गिऱ्हाइकाला कान असतात, बाई.

३ डिसेंबरला आपल्या तबकड्या ऐकवणाऱ्या कॉफीच्या दुकानाला वीस वर्षं होतील. सेंदाईहून जुनी मंडळी यायची आहेत. तोवर उजवी बाजू जागी झाली नाही तर त्याच दिवशी शटर ओढायचं, असं मी ठरवून टाकलंय. लोक आमच्याकडे कॉफीसाठी येत नाहीत, आवाजासाठी येतात.

फोन करू नकोस, हल्ली लाइन फार खराब आहे. पत्रच लिही.

तुझा दादा,
कियोहारु

*

ओमे, १६ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न.

सफरचंदं पोचली, दोन दिवसांत निम्मी संपली. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका सूक्ष्मदर्शकाखाली तारा गुंडाळताना एका हाताने खात होत्या. साहेबांनी बघितलं असतं तर आमची काही धडगत नव्हती.

कार्ट्रिज परत पाठवत नाहीये. दुसरं पाठवतेय, क्रमांक ७३१. तारा मी स्वतः गुंडाळल्यात. पण दादा, तो हलका टोनआर्म काढ बघू. आमची कार्ट्रिजं जड आणि ताठ असतात, त्यांना जडच हात लागतो. हलक्या हातात ती थरथरतात आणि सुई खोबणीत नीट बसत नाही. हे तूच मला शिकवलंस, मी अठराची असताना. टर्नटेबलला स्थळं बघण्यात तू जेवढा जीव काढतोस, त्याच्या निम्मा माझ्यासाठी काढला असतास तर आज मला चार पोरं असती.

शटर ओढायच्या गोष्टी करू नकोस. वहिनीने वीस वर्षं त्या कपबश्या विसळल्यात, तिला तरी विचारलंस का?

राग आला तर येऊ दे, माया कमी करू नकोस.

तुझी,
फुमिए

*

हिरोसाकी, २७ ऑक्टोबर

चि. फुमिए हिस,
अ. आ.

७३१ बसवलं आणि काय सांगू! पहिल्याच तबकडीला उजवीकडचा ढोल पोटात वाजला. तुझ्या हाताला गुण आहे. आधीच्या तिन्हीवर कोणीतरी झोपा काढल्या होत्या.

हे झालं पहिले तीन दिवस. चौथ्या दिवशी परत तेच, गोधडी. मी बटण आणखी दोन घरं पुढे नेलं. आता लांब हाताचा टोनआर्म मागवायचा विचार आहे. जेवणावर लक्ष नाही, तबकडी चालू असताना चार वेळा उठतो, स्क्रू पिळतो, परत येऊन बसतो. जीव थाऱ्यावर नाही बघ.

मिनेकोला विचार म्हणतेस? ती हल्ली कानात कापूस घालून कपबश्या धुते. थंडी वाजते म्हणे. ताकेउची तर कानपट्टीची टोपी घालूनच बसतात. अजून बर्फाचा पत्ता नाही, आणि यांना थंडी!

कळव लवकर. दिवस मोजतोय.

दादा

*

ओमे, ४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

बसून वाच, आणि वाचून झाल्यावर मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

७३१ नवं नव्हतं. तू पाठवलेलंच कार्ट्रिज पुसून, नवा क्रमांक चिकटवून, नव्या डबीत घालून परत पाठवलं. आधीची दोन आणि हे, तिन्ही मी तपासली होती. दोन्ही बाजू सारख्या, केसाचाही फरक नाही. मला वाटलं, नवीन म्हटल्यावर तुझ्या मनाचं समाधान होईल. तीन दिवस झालंही. मी तुला फसवलं, मला माफ कर. तेव्हापासून मला झोप नाही.

आता एकच कर. दुकानाच्या सुटीच्या दिवशी तुझी खुर्ची फिरव. स्पीकरच्या भोंग्यांकडे पाठ करून बस आणि तुला पाठ असलेली एखादी तबकडी लाव. दोष यंत्रात असेल तर उजवा भोंगा तुझ्या डाव्या हाताला येऊनसुद्धा मंदच वाजेल. पण तो मोठा झाला आणि दुसराच मंद झाला, तर दादा, दोष यंत्रात नाही.

फोनच्या लाइनचंही मला खरं वाटत नाही. तू रिसीव्हर कुठल्या कानाला लावतोस?

तुझीच, काहीही झालं तरी,
फुमिए

*

हिरोसाकी, ७ नोव्हेंबर

फुमिए,

माझ्या दुकानात वीस वर्षांत भोंग्यांकडे पाठ करून कोणी बसलेलं नाही, आणि मी बसणार नाही. तारा गुंडाळणाऱ्या पोरीने मला ऐकायला शिकवू नये. कार्ट्रिज परत पाठवतोय.

कियोहारु

*

हिरोसाकी, २१ नोव्हेंबर

चि. फुमिए हिस,
अनेक आशीर्वाद.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. कार्ट्रिज टपालात टाकायचं म्हणून हे पंधरा दिवस ते कोटाच्या खिशात घालून फिरले. काल सोमवार, दुकान बंद. मी मागे भांडी लावत होते. यांनी ते कार्ट्रिज परत बसवलं, खुर्ची ओढली, फिरवली आणि बसले.

तबकडी लागली आणि दोन मिनिटांत दोन्ही हातांनी डावा कान झाकून उठले. उजवा भोंगा किती किंचाळतोय ते यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. मग मला विचारलं की कानात कापूस कशासाठी घालतेस, खरं सांग. मी सांगितलं. गेलं वर्षभर ती बाजू सुयांसारखी टोचतेय, म्हणून त्या चार खुर्च्या रिकाम्या आहेत, म्हणून ताकेउचींची टोपी.

मग म्हणाले, इतके दिवस बोलली का नाहीस. काय सांगू तुला, मला रडूच आलं. पहिल्या दिवसापासून दारात पाटी आहे, संगीत चालू असताना बोलू नये. आमच्याकडे संगीत कधी बंद असतं? गिऱ्हाइकंही बिचारी पाटी पाळणारी. त्यांना वाटलं, मालकांची आवडच अशी असेल. मलाही तेच वाटलं.

आज हे कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा कान गेलाय, परत यायचा नाही. आल्यापासून काउंटरमागे नुसते बसून आहेत. मला भीती वाटते गं.

तुझी वहिनी,
मिनेको

*

हिरोसाकी, ४ डिसेंबर

चि. फुमिए हिस,
अ. आ.

मागच्या पत्रात तुला तोडून बोललो. वाईट वाटतंय.

शटर ओढणार होतो. सेंदाईच्या मंडळींना नका येऊ म्हणून पत्रंही लिहून ठेवली होती. मिनेकोने ती चुलीत घातली. मग ॲप्रन सोडला आणि उजव्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. वीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली असेल. मला म्हणाली, तुम्ही स्क्रू फिरवा, मी ऐकते.

जुना जड टोनआर्म परत चढवला. त्याच्या पुढे तुझं ७३१. मागची बाजू खाली घेतली, सुईवरचा भार वाढवला, उजवं बटण मागे, आणखी मागे. ती बोलत नव्हती, नुसतं बोट हलवायची. पाटीची सवय! मीच शेवटी ओरडलो की बाई, तोंडाने बोल. पाटी काढून आता तिच्या जागी कॅलेंडर लावलंय.

काल सगळे आले. ताकेउची दारात थबकले, थोडं ऐकलं आणि सरळ आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. उजवीकडून काय वाजत होतं ते मला कळलं नाही. मी तबकडी संपेपर्यंत त्या टोपीकडे बघत होतो.

फोन कर. डाव्या कानाला लावीन.

तुझा,
दादा