पांढऱ्या पताकांचं घर

१० जून, जबलपूर

सॅक पाठीवर चढवून आरशासमोर उभी राहिले, तर बाबा म्हणाले, "सिलेंडर पोचवायला चालली का?" सगळे हसले. माझी मैत्रीण एकता नाही हसली.

जानेवारीत तिचे बाबा गेले. तेव्हापासून ती ना हसते ना रडते. बाकी सगळं करते, बी.एस्सी.चे पेपरही दिले! श्रीलंकेहून परत आलो की तिला बाबांच्या जागी फॅक्टरीत लागायचंय, अनुकंपेवर. तिच्या दयारामकाकांनी ठरवून टाकलंय. एकता म्हणते, "ठीक है." या "ठीक है"चीच मला धास्ती वाटते.

निघताना तिच्या आईनं, शैलजाकाकूंनी, माझा हात धरला. "प्रणोती, घेऊन जा हिला. इथं घुसमटून राहिली पोरगी."

१३ जून, कोलंबो

पोचलो! पहिलं विमान आणि पहिला समुद्र एकाच दिवशी! एकता दोन्हींना म्हणाली, "अच्छा है."

१५ जून, कँडी

भांडण. मीच काढलं. "बोल न काहीतरी! मी काय एकटीच आली का इथं?"

"तू फोटो काढ न," ती म्हणाली. "मी उभी राहते."

उभी राहते म्हणे! मला रडूच आलं. तिच्याऐवजी मीच रडून घेतलं.

१६ जून, कँडी

कुठून सुरू करू!

सकाळी देवळाकडे निघालो. अंगात पांढरे कुर्ते, घरी विहारात जाताना घालतो तेच. हातात फुलं. वाटेत एका गल्लीत पांढऱ्या पताका, मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, भन्तेजी — आणि त्रिशरण चाललेलं! जबलपूरला रांझीच्या विहारात दर रविवारी म्हणतो तेच. चाल वेगळी, शब्द आपलेच. माझे तर पाय जमिनीवर राहिनात. "चल, वंदना आहे," म्हणून एकताला ओढलंच आत.

खुर्च्यांवर बसलो. पंचशील मी खणखणीत आवाजात म्हटलं. शेजारच्या आजी वळून वळून बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं! चहा आला, बिस्किटं आली. मग लोक रांगेनं घरात जायला लागले. दर्शन असणार म्हणून आम्हीही लागलो.

आत शवपेटी होती.

त्यात एक म्हातारे गृहस्थ. मी जागच्या जागी गार! मागे फिरायलाही जागा नव्हती. एकतानं फुलं ठेवली, पाया पडली — आणि जी रडायला लागली! मोठमोठ्यानं, हमसून हमसून, "बाबा, बाबा" करत. अख्खं घर बघत राहिलं. त्या गृहस्थांच्या मुलीनं तिला कवेत घेतलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही आमच्या बाबांना कशा ओळखता?"

आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं. विहाराचा कार्यक्रम समजून घुसलो. लाजेनं मेले मी! ती बाई बघतच राहिली, आणि मग डोळे पुसता पुसता चक्क हसली. म्हणाली, "त्यांना पाहुणे फार आवडायचे."

शेजारणींनी भात आणला होता, खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. एकतानं पुन्हा मागून घेतला. नाक लाल, तोंडात घास. मला इतकं हायसं वाटलं, इतकं!

१७ जून, एला

आगगाडीत स्वतःहून बोलली. "पनू, मला नाही जायचं फॅक्टरीत. त्या गेटातून बाबा बाहेर यायचे. मी कशी जाऊ आत?"

"मग काहून हो म्हटलं?"

"नोकरी सोडली तर घर कसं चालीन? आई तर माझ्याच भरवशावर बसून आहे न."

तिला बी.एड. करायचंय. दहावीपासून माहीत आहे मला. पण काकूंना सांगायचं कोणी?

२१ जून, गाडीत

चेन्नई सुटलं. एकता आईला सांगायची वाक्यं पाठ करून राहिली आहे. वरच्या बर्थवरचे भैया म्हणाले, "इंटरव्यू है क्या, दीदी?"

२२ जून, जबलपूर

स्टेशनवरून मीही थेट तिच्याच घरी. काकू पोहे करत होत्या. एकतानं पाठ केलेलं सगळं सोडून एका दमात सांगितलं, "आई, मी फॅक्टरीत नाही जाणार."

काकूंनी गॅस बंद केला. आतल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. आम्ही दोघी कढईकडे बघत उभ्या. शेवटी मी सॅक उचलून घरी आले.

२३ जून

सकाळीच एकताचा फोन. हसत होती की रडत, कळेना. काकू रात्रभर तळमळल्या आणि पहाटे तिला उठवून म्हणाल्या, "मी जाऊ का मग फॅक्टरीत? बारावी झालेली आहे माझी. मागेच ऑफिसात विचारून आली, बायकोलाही मिळते. तुझ्या हातचं हिसकावलं असं वाटीन तुला, म्हणून बोलली नाही. लग्नाच्या आधीपासून मला नोकरी करायची होती, बेटा. कोणी विचारलंच नाही."