आईंना नाव सांगा

अहो,

आज संकष्टी, देवळात जाऊन तशीच टोकावड्याला माहेरी जाते. आईंची कंपवाताची गोळी जेवणाआधी द्या. भाकऱ्या वन्संनी थापल्यात, त्या वाढा. परजातीची म्हणून माझ्या हातचं आईंनी वीस वर्षं खाल्लं नाय.

डॉक्टरांचा फोन आला होता. निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू आईंच्या आतड्यात सोडायचे, त्यासाठी घरातल्या सगळ्यांची तपासणी केली ना, त्यात एकटी मीच पास झाले. तुमचा गुटखा नडला, वन्संच्या अँटिबायोटिक गोळ्या नडल्या. कंपवाताला गुण येईलच असं नाय, पण प्रयोग करून बघू म्हणतात.

मी देईन. आजाऱ्याला नाय म्हटलं तर माझी व्रतं कसली? पण कुणाचं आहे ते आधी आईंना तुम्हीच सांगायचं, वन्संसमोर, नीट ऐकू जाईल असं. आई मला बाटगी म्हणायच्या तेव्हा ताटात बघत बसायचात, तसं आता चालणार नाय.

मग आईंना फोन द्या. माझं हवंय, असं त्यांच्या तोंडून ऐकलं की पहिल्या एसटीने येते. तोवर जप करत बसते. मला घाई नाय.

चंदा