नातीच्या वेबसाइटची अढी

आये, माझी नात कॅरम खेळून पोट भरते. हसू नको. तुझ्या वेळी कॅरम म्हणजे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी ओटीवर बसून चहा मागत राहायचं निमित्त, आणि बाईमाणसाने त्या पाटाला बोट लावलं असतं तर तू लाटणं दाखवलं असतंस. पण ही पोर कुठे कुठे खेळायला जाते, ढाली घेऊन येते, आणि मी त्या ढाली मांडणीवर तांब्याच्या कळशीमागे ठेवते, कारण पुढे ठेवल्या तर पुसायला लागतात. तिची एक वेबसाइटपण आहे. ती काय असते ते मला धड सांगता येणार नाही, मला चौथीतून तूच काढलंस. इतकं समज, की आपल्या दारावर एक पाटी आहे, आणि ती दिल्लीतल्या माणसालाही त्याच्या घरात बसून वाचता येते. त्या पाटीपायी घरात जे झालं ते तुला सांगायचंय, कारण त्यात तुझा हात आहे.

पहिली वेबसाइट मुंबईच्या एका शहाण्याने करून दिली. एसटी स्टँडच्या मागे एका बाईचं इंटरनेटचं दुकान आहे, तिथे मी ती पहिल्यांदा बघितली. बाईचा नवरा कुवेतला. तिच्या दुकानात दुपारी सगळ्या आखातवाल्यांच्या बायका येतात आणि यंत्राच्या काचेत दिसणाऱ्या नवऱ्याला विचारतात, जेवलात काय. तर त्या काचेत आधी काळोख, मग एकेक सोंगटी गडगडत आली, मग स्ट्रायकर ठण्णकन आपटला, आणि एवढी वरात संपल्यावर आमच्या पोरीचा फोटो. खाली ठळक अक्षरात, 'बोटाला दुखापत, सध्या विश्रांती.' मी म्हटलं, गो, बोट तर पावसाळ्यात सुजलेलं, आता शिमगा आला. पोर म्हणाली, "आज्ये, ते बदलायला त्यालाच सांगायला लागतं. त्याच्याशिवाय कोणाला उघडत नाही. तो करतो करतो म्हणतो." करतो करतो म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत, त्यातल्या एकाशी तर माझं लग्न लागलं होतं. आणि तेवढ्यात एका कंपनीच्या साहेबाचा फोन आला. बायकांचा संघ करत होते, पगार देणार, प्रवास देणार, खेळणं हेच काम. साहेब म्हणाला, आम्ही तुमचं नाव धरलं होतं, पण वेबसाइट बघितली. बोट बरं झालं की पुढच्या खेपेला बघू. पोरीने फोन ठेवला आणि पाटावर पावडर टाकून एकटीच खेळत बसली. त्या पावसाळ्यानंतर तीन ठिकाणी जिंकली होती ती. पाटीला त्याची खबर नव्हती.

तेव्हा मला तुझी माळ्यावरची अढी आठवली. मी परकर घालायचे तेव्हाची गोष्ट. गवतावर आंबे मांडलेले, वर पुन्हा गवत, सगळ्या घराला तो गोड उबट वास. तू मला वर चढवतेस आणि खालून ओरडतेस, "रोज हात फिरव गो, रोज! अढी लावून जो निजला त्याने आंबे मुंग्यांना वाढले." पिकलेला वर, कच्चा खाली, कुजलेला बाहेर. मला कळलं, या शहाण्याने अढी लावली आणि माळ्याची शिडी आपल्या घरी नेली. मी दुकानवालीकडे गेले. तिने कुठल्या कुठल्या वेबसाइटी केल्या होत्या, एका लॉजची, एका आंबेवाल्याची. म्हटलं, मला एक करून दे, आमच्या पोरीची.

ती म्हणाली, "करते आजी. पण बदलणार कोण? ती तर सदा गावोगाव."

"मी."

"तुम्ही?"

"का? माझे हात काय निसते मासे साफ करायला दिलेत देवाने?"

हसली नाही, हे तिचं मला आवडलं. तिने कागद घेतला आणि विचारत गेली. मी म्हटलं, सोंगट्या गडगडायला नकोत, आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नये. पोर फोनवरून म्हणाली, एक तरी गडगडू दे. दुकानवाली म्हणाली, गडगडणार नाही, पण कोपऱ्यात लाल राणी बसवते, ती हलणार नाही. झालं. वर फोटो. त्याखाली तीन खण: कुठे खेळली, कोणाशी, काय झालं. खण भरायचे आणि हिरव्या बटणावर बोट ठेवायचं, की नवं आपोआप वर आणि जुनं खाली. इंग्रजी मला येत नाही म्हणून तिने बटणांवर मराठी अक्षरं चिकटवली. 'ज्ञ' सापडेपर्यंत माझा एक चहा व्हायचा. पण शिकले. पोर जिथे असेल तिथून फोन करायची, मी चपला घालायचे, स्टँडच्या मागे जायचे, दोन बोटांनी तीन खण भरायचे. कुवेतवाल्या बायका आपल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा, ही म्हातारी बघा, आणि काचेतले ते नवरे मला सलाम करायचे.

मग मी माती खाल्ली. एकदा वरून खाली सगळं वाचत गेले तर मधे मधे, 'हरली'. 'उपांत्य फेरीत हरली'. 'पहिल्याच फेरीत हरली'. बघवेना. दाराच्या पाटीवर कोण असं लिहितं? कुजका बाहेर, एवढंच मला येत होतं. लाल बटण दाबलं की यंत्र विचारतं, नक्की काढायचं? मी म्हटलं, नक्की. मला कोण विचारणारं. दुकानवाली त्या दिवशी सासरच्या लग्नाला गेलेली. एकूण एक हार वेचून टाकली आणि हात धुऊन घरी आले.

पुढच्या खेपेला त्याच कंपनीने पोरीला चाचणीला बोलावलं. ती मुंबईला पोचली आणि तिथून तिचा फोन. "आज्ये, माझं काय काढून टाकलंस तू?"

"कुजकं होतं ते."

"ते माझं होतं! साहेब म्हणतायत, तुम्ही कधी हरलाच नाहीत काय? त्यांच्याकडे सगळे निकाल असतात. उद्या खेळायचंय आणि त्यांना वाटतंय मी लबाड आहे. आणि काढायचं कशाला गो? हरले तिथेच तर शिकले!"

आये, आवाज तिचा होता, पण बोलणं मी आधी ऐकलेलं होतं. माळ्यावरून मी डागाळलेले आंबे खाली टाकतेय, आणि तू खाली एकेक उचलून लुगड्याने पुसून पदरात घेतेस. "डोळं फुटलं काय गो तुझं? डाग म्हंजे कुज न्हवं. आत बोट लावून बघ. ह्याचीच तर साठं घालायची." त्या डागी आंब्यांच्याच रसाची साठं तू उन्हात वाळवलीस, आणि पावसात भाताबरोबर तीच खाल्ली आम्ही. रोज हात फिरव, हे अर्धं मी लक्षात ठेवलं. हे दुसरं अर्धं मी सोयीने विसरले.

दुकानवाली म्हणाली, काढलेलं परत येत नाही आजी, पुन्हा लिहायला लागेल. म्हटलं, खुर्ची दे. जिंकून आली की पोर बडबडते, त्यातलं माझ्या लक्षात काही राहत नाही. हरून आली की जेवत नाही. आणि मी रांधलेलं कोणी टाकलं तर ते मी मरेपर्यंत विसरत नाही. खेडला हरली त्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं होतं. चिपळूणला हरली तेव्हा फणसाची भाजी, बाजूला सारलेली. पुण्याहून आली तेव्हा घावणे, तेही गार झाले. अशी एकेक हार मी ताटावरून ओळखत गेले, फोनवर पोरीला विचारून समोरचीचं नाव घेतलं, आणि लिहीत गेले. दुकानवाली म्हणाली, मी लिहू काय पटकन? म्हटलं, टाकले मी, वेचणार मी. 'हरली' हा शब्द लिहायला सोपा आहे, तीनच अक्षरं, पण त्या दुपारी माझी बोटं अशी सुजली की सध्या विश्रांती लिहायची पाळी माझ्यावर आली. चार वेळा वीज गेली. कुवेतवाल्या बायकांनी आपली पाळी मला दिली. शेवटचा खण भरला आणि सगळ्यात वर माझ्या मनाने एक ओळ घातली, 'मधल्या काळात हे निकाल दिसत नव्हते. चूक घरच्यांची, खेळाडूची नाही.' हिरवं बटण दाबलं. साहेबाने ते वाचलं की नाही, देव जाणे.

चाचणी झाली. शेवटचा सामना ती हरली. तरी संघात घेतली. साहेब म्हणे, हरतानाही हात थरथरत नाही हिचा. पोर फोनवर रडत होती की हसत होती ते कळेना. मी म्हटलं, ठेव आता, मला दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय. कोणी सांगायची वाट न बघता मी ती हार लिहिली, आणि ती सगळ्यात वर जाऊन बसली, तिच्या जागेवर. नोकरीची बातमी त्याच ओळीत, हारीच्या मागून.

हेही मी तिथेच लिहितेय, नव्या रिकाम्या खणात. दुकानवाली म्हणाली, लिहा हवं तेवढं, हिरवं बटण दाबेपर्यंत कोणाला दिसत नाही. दाबणार नाही. तुला कुठे वाचता येत होतं, आणि बाकीच्यांना आपल्या माळ्यावर काय काम? फक्त एक तुला सांगून ठेवते. त्या हारीच्या ओळीत मी लिहिलंय, 'शेवटच्या सामन्यात थोडक्यात हरली.' थोडक्यात नाही गो आये. सपाटून हरली. पण तेवढा एक शब्द मी गवताखाली राहू दिलाय.