तळहातावरचं छत

९ जानेवारी
रूपालीचा फोन! नल्लगुट्ट्याची खाण पुन्हा उघडणार — कोळसा काढायला नव्हे, बघायला. बंद पडून बावीस वर्षं झाली, आता संग्रहालय. आणि आमची नात तिथं गाईड! सव्वीस तारखेला पहिली तुकडी, शाळेच्या पोरांची. "आबा, त्याआधी तुम्ही या. खरा खाणवाला इथं कुणी बघितलाच नाही."
कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं. तरी शब्द न् शब्द ऐकला.

१० जानेवारी
हदगावच्या शाळेत गुरुजी बाक वाजवून वृत्त शिकवायचे — लघु, गुरू, गुरू. तोच ठेका घेऊन मी खाणीत गेलो. एकतीस वर्षं एकच काम: पाळी आत शिरायच्या आधी सळईनं छत ठोकायचं, आवाज ऐकायचा. घट्ट दगड टणटण बोलतो. सुटलेला — भद्द. मी कविता गुणगुणत ठोकायचो. लोक हसायचे, "लिंबाजी छताला कविता शिकवून राहिला!" हसा म्हणावं. चाल मोडली की समजायचं, दगड सुटलाय.
एकदाच — नको. उद्या लिहीन.

११ जानेवारी
नाही लिहिलं.

१४ जानेवारी
अजीजकडे गेलो. त्याच्या बायकोनं, बेगमबीनं, चहा दिला. माझा खाणीतला जोडीदार. डावा पाय गुडघ्याखाली नाही. छत्तीस वर्षांपूर्वी छतच आलं खाली.
लिहूनच टाकतो. त्या दिवशी दगड भद्द बोलला होता. मी हात वर केला, पण तोंडातून 'थांबा' निघालं नाही. साहेब मागं घड्याळ बघत उभे! अजीज आत गेला. त्यानं कधी विषय काढला नाही. मीही नाही.
म्हटलं, खाण बघायला चाललोय.
"जा की. पर ठोकून बघ. कानानं न्हाई म्हणत मी! तुला मागून आलेली फटफटी ऐकू येईना. हात लाव छताला. भूल गया क्या?"
खरंच विसरलो होतो! एका हातानं ठोकायचं, दुसरा तळहात शेजारी टेकवायचा. सुटलेला दगड हाताला मुंग्या आणतो. हे मला अजीजनंच शिकवलेलं.

१९ जानेवारी, नल्लगुट्टा
आमच्या बत्तीघरात कॉफी मिळते! दिवे वाटायच्या खिडकीतून. पाच मिनिटं नुसता बघत राहिलो.
बोगद्यात शिरलो. काठीनं छत ठोकलं — भद्द! ओरडलो, "थांबा! मागं व्हा!"
सगळे हसले. छत फायबरचं! हैदराबादहून रंगवून आणलेला खोटा कोळसा. तिथले तरुण साहेब म्हणाले, "आजोबा, हे डोक्यात पडलं तरी टेंगूळसुद्धा येणार नाही." रूपालीचं तोंड लाल. "आबा, बस्स ना आता!"
लाज वाटली. पण पाय हलेना. म्हटलं, एक पत्रा काढा, वरचा खरा दगड बघितल्याशिवाय मी जात नाही. आणि बसलोच खाली. तासाभरानं काढला एकदाचा — म्हातारा टळावा म्हणून. स्टुलावर चढलो. तळहात टेकवला, ठोकलं.
मुंग्या. कोपरापर्यंत.
"पोरांना आत नेऊ नका!" तीनदा ओरडलो.
साहेब म्हणाले, "या वयात मुंग्या येणारच, आजोबा."

२० जानेवारी
रूपाली बोलत नाही. रात्री एवढंच म्हणाली, "माझी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर आहे, आबा." माहीत आहे गं.
तरी अर्ज लिहिला. शाईनं. अक्षर फार दिवसांनी सुरेख आलं. खाली सही आणि माझा खाणीतला नंबर. एक प्रत साहेबांना, एक पोरांच्या शाळेला. शाळेत स्वतः नेऊन दिली. हेडमास्तरीणबाईंनी दोनदा वाचला. चूक निघाली तर पोरीची नोकरी जाणार. नाही दिला तर — नाही, दिलाच.

२४ जानेवारी, नांदेड
रूपालीचा फोन! शाळेनं कळवलं, तपासल्याशिवाय पोरं पाठवणार नाही. काल दगड तपासायचं यंत्र घेऊन माणसं आली. दगडाच्या वर पोकळी — वीतभर उंच, खोलीएवढी पसरलेली! उद्घाटन पुढं गेलं. आधी लोखंडी टेकू लावणार. पोरीची नोकरी शाबूत.
"आबा, हात नेमका कसा टेकवायचा? सांगा ना परत."
फोनवर कसं सांगणार! तरी अर्धा तास सांगितलं.

२६ जानेवारी
अजीजला सगळं सांगितलं. मग तेही सांगितलं — त्या दिवशी तोंडातून 'थांबा' निघालं नाही ते.
तो म्हणाला, "तुझा हात पाह्यला व्हता मी, लिंब्या. आदल्या दिशी डबा आत विसरला व्हता. बेगमबीच्या माहेरचा, पितळी. म्हटलं, छत पडायच्या आत घेऊन येतो. तिला न्हाई सांगितलं कधी. तू बी नको सांगू."
बेगमबी चहा घेऊन दारातच उभी होती.